ना गोष्ट, ना गोठा? ‘लो-दबार’ या गावाच्या नावाविषयी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नुकताच बायबलमधील मफीबोशेथाच्या कथेवर एक लेख प्रसिद्ध झाला. पडलेल्या राजघराण्यातील एका पांगळ्या वारसाला नवा राजा आपल्या पंक्तीला बसवतो, ही कथा लेखकाने आत्मीयतेने सांगितली आहे आणि मराठी वृत्तपत्रात असा विषय आला याचा मला आनंदच झाला. त्यातील एका विधानाविषयी मात्र लिहिणे मला आवश्यक वाटते. मफीबोशेथ जेथे राहत होता त्या ‘लो-दबार’ या गावाच्या नावाचा अर्थ ‘चारा नसलेली, शब्दही न पोहोचणारी ओसाड जागा’ असा देऊन, तो तेथे दैन्यात आणि विस्मृतीत पडला होता, असा निष्कर्ष लेखात काढला आहे. हा अर्थ लेखकाने स्वतः रचलेला नाही. मी तो प्रवचनांतून कितीतरी वेळा ऐकला आहे आणि हिब्रू शिकू लागण्यापूर्वी मीही तो इतरांना सांगत असे. पण नावाच्या अर्थावरून गावाची स्थिती ठरवण्याची ही रीत येथे चुकते, आणि तिच्यामुळे या कथेतील एका माणसावर अन्याय होतो. म्हणून पत्र थोडे लांबले तरी आपण ते छापावे, अशी विनंती आहे.

हे नाव बायबलमध्ये अगदी मोजक्या ठिकाणी येते. २ शमुवेल ग्रंथाच्या ९व्या अध्यायात शौलानंतर राजा झालेला दावीद विचारतो की, माझा मित्र, शौलाचा मुलगा योनाथान याच्यासाठी ज्याच्यावर मी दया करावी असे शौलाच्या घराण्यातले कोणी उरले आहे काय. शौलाचा जुना सेवक सीबा सांगतो की, योनाथानाचा एक मुलगा आहे, तो दोन्ही पायांनी लंगडा आहे आणि लो-दबारात अम्मीएलाचा मुलगा माखीर याच्या घरी आहे. दावीद त्याला तेथून आणवतो, शौलाची सारी जमीन त्याला परत देतो आणि आपल्या ताटापाशी कायमचे स्थान देतो. त्याच ग्रंथाच्या १७व्या अध्यायात हे गाव पुन्हा भेटते आणि त्यानंतर सुमारे अडीचशे वर्षांनी आमोस संदेष्ट्याच्या एका वाक्यात. यहोशवाच्या ग्रंथात गाद वंशाच्या सीमा सांगताना (१३:२६) याच गावाचे नाव थोड्या वेगळ्या रूपात आले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. एवढ्या तुटपुंज्या उल्लेखांवर या नावाची सगळी चर्चा उभी आहे.

आता नावाकडे वळतो. हिब्रूत ‘लो’ म्हणजे ‘नाही’ आणि ‘दाबार’ म्हणजे शब्द, उच्चारलेले वचन. पण त्याच वेळी वस्तू, बाब, प्रकरण, घडलेली घटना असाही त्याचा अर्थ होतो. बोललेले आणि घडलेले या दोहोंना एकच शब्द कसा, असा प्रश्न इंग्रजीच्या वाटेने हिब्रूकडे जाणाऱ्याला पडतो. मराठी माणसाला तो पडू नये, कारण आपल्या ‘गोष्ट’ या शब्दाचे नेमके तसेच आहे. आजी गोष्ट सांगते तेव्हा ती शब्दांची असते, ‘ही गोष्ट खरी आहे’ म्हणतो तेव्हा ती घटना असते, आणि ‘घरात या दोन गोष्टी हव्यातच’ म्हणतो तेव्हा ती वस्तू असते. मला ‘दाबार’ हा शब्द खऱ्या अर्थाने कळला तो कोशातून नव्हे, तर एक दिवस त्याच्या जागी ‘गोष्ट’ ठेवून पाहिले तेव्हा.

साम्य येथेच थांबत नाही. द-ब-र या त्याच तीन व्यंजनांपासून हिब्रूत चराईचे शब्दही होतात. मीखा संदेष्ट्याच्या २:१२मध्ये मेंढरांचा कळप आपल्या कुरणात असल्याची उपमा आहे, यशयाच्या ५:१७मध्ये कोकरे आपल्याच कुरणात असल्यासारखी चरतात, आणि या दोन्ही ठिकाणी चराईसाठी याच व्यंजनांचा शब्द वापरला आहे. अरण्याला हिब्रूत ‘मिदबार’ म्हणतात, तोही बहुधा गुरे-मेंढरे चरायला नेण्याचे रान याच अर्थाचा. ‘लो-दबार म्हणजे चारा नसलेली जागा’ या स्पष्टीकरणाचा उगम येथे आहे. आपल्याकडे ‘गोष्ट’ हा शब्द संस्कृत ‘गोष्ठी’वरून आला आणि ‘गोष्ठी’ आली ‘गोष्ठ’ या शब्दावरून. गाई जेथे एकत्र उभ्या राहतात ते गोष्ठ, माणसे जेथे एकत्र बसून बोलतात ती गोष्ठी, आणि त्या गोष्ठाचाच आजचा मराठी अवतार म्हणजे गोठा. बोलणे आणि गुरांची जागा हे दोन अर्थ दोन परक्या भाषांत असे शेजारी यावेत, हा निव्वळ योगायोग आहे. हिब्रू आणि मराठी यांचे नाते सुचवण्याचा माझा मुळीच हेतू नाही, आणि हिब्रूतील ‘शब्द’ व ‘चराई’ ही दोन्ही रूपे एकाच धातूची की दोन वेगळ्या धातूंची, यावर विद्वानांचेही एकमत नाही. पण या योगायोगामुळे लो-दबारचे प्रचलित स्पष्टीकरण मराठीत जितके नेमके सांगता येते तितके क्वचितच दुसऱ्या भाषेत सांगता येईल: ना गोष्ट, ना गोठा.

हे स्पष्टीकरण कानाला गोड वाटते. ते खरे आहे का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि पहिली अडचण शुद्धलेखनातच येते. हिब्रूत ‘लो’ हा उच्चार दोन प्रकारे लिहिला जातो. लामेद आणि आलेफ या अक्षरांनी लिहिला तर अर्थ ‘नाही’. लामेद आणि वाव या अक्षरांनी लिहिला तर अर्थ ‘त्याला’ किंवा ‘त्याचा’. २ शमुवेल १७:२७मध्ये गावाचे नाव आलेफ घालून लिहिले आहे. मात्र मफीबोशेथाच्या कथेत, म्हणजे ज्या अध्यायावरून ‘ओसाड जागा’ हा अर्थ सांगितला जातो त्या ९व्या अध्यायात, ४थ्या आणि ५व्या अशा दोन्ही वचनांत ते वाव घालून लिहिले आहे. अक्षरांकडेच बोट दाखवायचे असेल तर तेथे ‘त्याला शब्द आहे’ किंवा ‘त्याची गोष्ट’ असे काहीसे वाचावे लागेल. यहोशवाच्या उल्लेखात तर आलेफ नाही आणि वावही नाही. नुसता लामेद आहे आणि परंपरेने त्याचा उच्चार ‘लिदबीर’च्या जवळचा ठरवला आहे. तो लामेद नावाचाच भाग आहे की ‘च्या’ अशा अर्थाचा प्रत्यय आहे, हेही निश्चित नाही.

या दोन ‘लो’ंची गल्लत हिब्रू बायबलमध्ये इतरत्रही झालेली आहे, आणि ती किती अर्थ बदलू शकते याचे उत्तम उदाहरण म्हणजे १००वे स्तोत्र. त्याच्या ३ऱ्या वचनात लिहिलेला पाठ घेतला तर ‘त्याने आम्हांला निर्माण केले, आम्ही स्वतः नव्हे’ असा अर्थ होतो, आणि परंपरेने वाचला जाणारा पाठ घेतला तर ‘त्याने आम्हांला निर्माण केले आणि आम्ही त्याचेच आहोत’ असा. उच्चार तोच, अक्षर एकच बदलते. जे स्तोत्रात घडू शकते ते गावाच्या नावात सहज घडू शकते, कारण नाव लिहिणारा लेखनिक अर्थाकडे नव्हे, ध्वनीकडे कान देऊन लिहितो. शिवाय मूळ लेखनात स्वरचिन्हे नव्हती; आज छापलेल्या ग्रंथात दिसणारी स्वरचिन्हे हिब्रू बायबलचा पाठ जपणाऱ्या मासोरा परंपरेतील पंडितांनी इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धात घातली. म्हणजे दावीद आणि ती चिन्हे यांच्यात दीड हजार वर्षांहून अधिक काळाचे अंतर आहे. अशा नावाचा अर्थ ‘म्हणजे अमुकच’ अशा ठाम शब्दांत सांगणे मला धाडसाचे वाटते. गावांची नावे बहुधा फार जुनी असतात, बोलणाऱ्यांची भाषा बदलली तरी टिकतात, आणि मग नवी पिढी आपल्या भाषेतील जवळच्या शब्दांत त्यांचा अर्थ शोधते. मराठी मुलखात प्रत्येक गावाला अशी एक तरी व्युत्पत्ती चिकटलेली असते, हे वाचकांना सांगायला नको.

पण समजा, नावाचा अर्थ खरोखरच ‘चारा नाही’ असा होता. तरी तेथे चारा नव्हता असे सिद्ध होत नाही, आणि ग्रंथातील पुरावा तर उलटा आहे. लो-दबार यार्देन नदीच्या पूर्वेला, गिलाद प्रदेशात किंवा त्याच्या लगत होते. आजच्या जॉर्डनच्या वायव्य भागात त्याची जागा सुचवली जाते, काही जण यार्मूक नदीच्या परिसराकडे बोट दाखवतात. निश्चित असे स्थळ ठरलेले नाही. गिलाद मात्र कसा होता याबद्दल बायबलला शंका नाही. गणना ग्रंथाच्या ३२व्या अध्यायात रऊबेन आणि गाद या वंशांकडे पुष्कळ गुरेढोरे होती, म्हणून त्यांनी पाहिले की गिलादाचा मुलूख गुरांना फार चांगला आहे आणि तोच वतन म्हणून मागितला. गीतरत्नात प्रियेच्या केसांना गिलादाच्या उतारावरून खाली येणाऱ्या शेळ्यांच्या कळपाची उपमा आहे. मीखाच्या शेवटच्या अध्यायात कळपाने पूर्वीच्या काळाप्रमाणे बाशानात आणि गिलादात चरावे अशी प्रार्थना आहे. इस्राएली कवींना हिरव्या चराईची आठवण झाली की हा प्रदेश आठवत असे.

दुसरे असे की, मफीबोशेथ तेथे टाकून दिलेला नव्हता, त्याला तेथे लपवलेले आणि सांभाळलेले होते. तो पाच वर्षांचा असताना शौल आणि योनाथान गिलबोवा डोंगरावर मारले गेल्याची बातमी आली. दाई त्याला उचलून घाईने पळाली, तो पडला आणि कायमचा लंगडा झाला. हे २ शमुवेल ४:४मध्ये सांगितले आहे आणि ते सांगण्याची जागा महत्त्वाची आहे, कारण त्याच अध्यायात शौलाचा मुलगा ईश-बोशेथ आपल्याच घरात दुपारी झोपलेला असताना त्याचा शिरच्छेद होतो. जुन्या घराण्याचे वारस नव्या राजाच्या काळात जिवंत राहत नसत. पुढे इस्राएलात बाशाने पहिल्या यराबामाचे आणि येहूने अहाबाचे घराणे समूळ कापून काढले. अशा काळात शौलाच्या नातवाला घरात ठेवणे म्हणजे आपल्या कुटुंबावर संकट ओढवून घेणे होते. ते संकट गिलादातल्या एका माणसाने पत्करले, यालाही कारण आहे. राजा होताच शौलाने गिलादातल्या याबेश नगराला अम्मोनी राजाच्या हातून सोडवले होते. शौल मेला आणि पलिष्ट्यांनी त्याचे प्रेत बेथ-शानच्या तटावर टांगले, तेव्हा याबेशचेच लोक रात्रभर चालत गेले, प्रेत खाली उतरवून घेऊन आले आणि त्यांनी त्याच्या अस्थींना मूठमाती दिली. ईश-बोशेथाची राजधानी महनाइम हीदेखील याच पूर्वेकडच्या मुलखात होती. त्यामुळे मफीबोशेथ लो-दबारात असणे म्हणजे रानात हरवणे नव्हते. त्याच्या आजोबाचे उपकार ज्यांच्या लक्षात होते अशा लोकांत तो वाढला. ९व्या अध्यायातच त्याला मीखा नावाचा एक लहान मुलगा असल्याचे लिहिले आहे. म्हणजे दाविदाचे बोलावणे आले तेव्हा त्याचा संसारही उभा राहिला होता.

आता १७व्या अध्यायाकडे या, कारण माझ्या मते लो-दबारविषयीचा सर्वांत मोलाचा उल्लेख तोच आहे आणि नेमका तोच प्रवचनांतून सुटतो. मुलगा अबशालोम याच्या बंडामुळे दाविदाला जेरुसलेम सोडून पळावे लागले. यार्देन ओलांडून तो आणि त्याची माणसे महनाइमला आली, तेव्हा थकलेल्या, भुकेल्या, तहानलेल्या त्या लोकांसाठी तीन माणसे सामान घेऊन पुढे आली. अम्मोन्यांच्या राब्बा नगरातील शोबी, रोगलीमचा गिलादी बर्जिल्ल्य आणि लो-दबारचा माखीर. अंथरुणे, भांडी, मडकी, गहू, सातू, पीठ, भाजलेले धान्य, शेंगांचे दाणे, मसूर, मध, दही, मेंढरे आणि गाईच्या दुधाचा चीज अशी ती यादी ग्रंथकाराने एकही जिन्नस न गाळता दिली आहे. जेथे चारा नाही अशा गावच्या माणसाला या सामानाचा वाटा उचलता येत नाही. आणि ग्रंथकार ज्या पद्धतीने त्याची ओळख करून देतो ती आपल्याला परकी नाही. कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाने शतकानुशतके किहीम, पेण, राजपूर अशा गावांना ‘कर’ जोडून आपली ओळख सांगितली, तसा हा माखीर लो-दबारकर आहे.

मफीबोशेथाला ज्याने आश्रय दिला तो माखीर शौलाच्या घराण्याशी निष्ठावान होता हे उघड आहे. मग दाविदाच्या पडत्या काळात, त्याच्या पक्षाला उभे राहण्यात जीव जाण्याचा धोका असताना, तो मदतीला का आला? ग्रंथ कारण सांगत नाही. पण आपण ज्याला वर्षानुवर्षे सांभाळले त्या मुलाला या राजाने मारले नाही, उलट पंक्तीला बसवले, हे माखीराने पाहिले होते. ९व्या अध्यायातील दया आणि १७व्या अध्यायातील धान्य यांच्यामधला दुवा म्हणजे हे गाव आणि हा माणूस, असे मला मनापासून वाटते. लो-दबारला ओसाड ठरवले की दाविदाची कृपा अधिक उजळ दिसते खरी, परंतु त्याच्या आधीची माखीराची कृपा पुसली जाते. मफीबोशेथ जणू कोणाच्याच घरी नव्हता असे होते. आपल्या लेखात माखीराचे नाव एकदाही आलेले नाही, याचे मला वाईट वाटले.

‘लो-दबार म्हणजे काही नाही’ हा अर्थ मग आला कोठून? तो आमोसाकडून आला आणि तो त्याचा श्लेष आहे. आमोस हा दक्षिणेकडच्या यहूदा राज्यातील तकोवा गावचा मेंढपाळ. औदुंबराच्या जातीची फळे काढण्याचेही काम तो करी. इसवी सनपूर्व ८व्या शतकात, दुसरा यराबाम इस्राएलवर राज्य करत असताना तो उत्तरेकडे जाऊन बोलला. राज्य तेव्हा भरभराटीत होते. २ राजे १४:२५ म्हणते की, या यराबामाने हमाथाच्या वाटेपासून अराबाच्या समुद्रापर्यंत इस्राएलाची सीमा पुन्हा मिळवली. पूर्वेकडच्या या मोहिमांत जिंकलेल्या गावांत लो-दबार आणि कर्णाइम होती, असे आमोसाच्या ६:१३वरून दिसते. त्या वाक्याचा अर्थ मी माझ्या शब्दांत असा देतो: तुम्ही लो-दबारावर आनंद करता, तुम्ही म्हणता, आम्ही आपल्याच बळाने कर्णाइम घेतले नाही काय. पण ऐकणाऱ्याच्या कानाला त्याच वेळी दुसरे वाक्यही ऐकू जाते: तुम्ही ‘काही नाही’ यावर आनंद करता, आणि म्हणता की आम्ही आपल्याच बळाने शिंगे मिळवली. कर्णाइम म्हणजे ‘दोन शिंगे’, आणि हिब्रूत शिंग हे बळाचे चिन्ह आहे.

मोरोपंतांच्या यमकांवर वाढलेल्या वाचकाला ही करामत ओळखायला वेळ लागू नये. आमोस असे वारंवार करतो. ५:५मध्ये गिलगाल या नावातील ग आणि ल हेच ध्वनी घेऊन तो म्हणतो की गिलगाल बंदिवासात जाईल. ८व्या अध्यायात उन्हाळी फळांची टोपली पाहून ‘काइत्स’ म्हणजे उन्हाळी फळे या शब्दावरून ‘केत्स’ म्हणजे शेवट या शब्दाकडे जातो. नावाला पिळून त्यातून न्याय काढणे ही त्याची हातोटी होती. आणि येथेच माझा मुख्य मुद्दा आहे. लो-दबार खरोखरच फुकट गेलेला माळ असता तर तो जिंकल्याचा आनंद कोणी केला नसता, आणि मग आमोसाच्या वाक्याला धारही आली नसती. जिंकलेले गाव मोलाचे होते, लोक त्यासाठी नाचत होते, म्हणूनच त्याच्या नावातला ‘काही नाही’ हा ध्वनी ऐकवून त्याने त्यांच्या गर्वावर बोट ठेवले. पुढच्याच वचनात तो सांगतो की, हमाथाच्या वाटेपासून अराबाच्या ओढ्यापर्यंत एक राष्ट्र तुम्हांला गांजील. म्हणजे यराबामाने मिळवलेली सीमाच तो शब्दशः उलटी फिरवतो. काही दशकांतच अश्शूरच्या तिसऱ्या तिग्लथ-पिलेसराने गिलाद घेतला आणि कर्णाइमच्या नावाने अश्शूरचा एक प्रांतच झाला. टीका गावावर नव्हती, गर्वावर होती. तो श्लेष उचलून मागे, अडीचशे वर्षांपूर्वीच्या मफीबोशेथाच्या कथेत नेऊन लावणे म्हणजे कवीचे वाक्य महसुली नोंद म्हणून वाचण्यासारखे आहे.

आमोसाच्या या वाक्यातील गाव प्राचीन अनुवादकांनाही दिसले नाही. ग्रीक अनुवादात तेथे ‘ज्यात काही शब्दच नाही अशावर’ आनंद करणारे लोक आहेत. जेरोमच्या लॅटिन अनुवादात ते ‘शून्यावर’ आनंद करतात. मासोरा पंडितांनीही या ठिकाणी ‘दाबार’ला सामान्य नामाचे पूर्ण दीर्घ स्वर दिले, तर शमुवेलातील गावाच्या नावात पहिल्या अक्षराला केवळ अर्धस्वर दिला. येथे दोन गावांची नावे लपलेली आहेत हे १९व्या शतकात हाइनरिख ग्रेट्झ या यहुदी इतिहासकाराने दाखवून दिले, आणि आता बरेच अनुवाद नावेच छापतात. अनुवादकाची येथे खरी कोंडी होते. नाव ठेवले तर श्लेष जातो, अर्थ दिला तर गाव जाते. माझ्या मते नाव ठेवून तळटीप देणे हाच मार्ग प्रामाणिक आहे.

यहुदी परंपरेने याच नावाचा आणखी एक श्लेष केला आहे आणि तो मला विशेष प्रिय आहे. तालमूद या यहुदी धर्मग्रंथाच्या शब्बात या प्रकरणात (५६अ) अबशालोमाच्या बंडाच्या वेळी सीबाने मफीबोशेथाची केलेली चहाडी दाविदाने मानली का, याची चर्चा चालते. तेथे म्हटले आहे की, सीबा दाविदाला म्हणाला, तो ‘बे-लो दबार’ आहे, म्हणजे त्याच्यापाशी काही नाही, धर्मवचनांचे ज्ञान नाही; दाविदाने माणसे पाठवून त्याला आणले ते मात्र ‘मि-लो दबार’, आणि ‘मेलो’ म्हणजे भरलेपण. मूळ वचनांत ‘बे’ आणि ‘मि’ हे केवळ ‘मध्ये’ आणि ‘हून’ या अर्थाचे प्रत्यय आहेत. पण चौथ्या वचनातला रिकामा माणूस पाचव्या वचनात भरलेला निघाला, असे त्या आचार्यांनी ऐकले. जर नावाच्या ध्वनीवरूनच मफीबोशेथाचे वर्णन करायचे असेल, तर ‘चारा नाही’ एवढेच ऐकणारे कान अपुरे आहेत, कारण त्याच ध्वनीतून इतरांना ‘शब्दांनी भरलेला’ असे ऐकू आले आहे.

हा विषय मराठी वाचकाला दूरचा वाटण्याचे कारण नाही. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे मराठीतून सांगणारे पुस्तक १८३२ साली मुंबईत काढले, ते बेने इस्राएल विद्यार्थ्यांना उपयोगी पडावे म्हणून. पुढे त्याच समाजातील जोसेफ इझेकिएल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. पंडिता रमाबाईंनी तर हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्यासुध्या बायकांना कळेल अशा मराठीत उतरवले आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये ते छापण्याची व्यवस्था केली. १९२२ साली त्यांचे निधन झाले तेव्हा ते काम नुकतेच पुरे झाले होते. मूळ भाषेपर्यंत जाऊन शब्द पारखण्याची परंपरा मराठीत दोनशे वर्षांच्या आसपास आहे. तिच्या आधारावर आपल्या पुरवणीतील लेखकांनीही इंग्रजी प्रवचनांतून आलेली व्युत्पत्ती जशीच्या तशी घेण्याऐवजी एकदा मूळ वचनाशी ताडून पाहावी, एवढीच माझी अपेक्षा आहे.

बर्जिल्ल्याची हकीकत पुढे ग्रंथात सविस्तर येते. बंड मोडल्यावर दावीद त्याला आपल्याबरोबर जेरुसलेमला चलण्याचा आग्रह करतो, तो ऐंशी वर्षांचा म्हातारा नम्रपणे नकार देतो, आणि मरण्यापूर्वी दावीद शलमोनाला त्याच्या मुलांची आठवण ठेवायला सांगतो. माखीराविषयी मात्र महनाइमनंतर एक शब्दही नाही. या लेखाची दुरुस्ती आपण छापणार असाल, तर लो-दबारचा अर्थ अनिश्चित आहे एवढे तीत जरूर यावे. आणि जागा असेल तर अम्मीएलाचा मुलगा माखीर याचे नाव, त्याच्या गावासह, छापावे.

आपला,
एक नियमित वाचक